मांडलेलं घर

अश्विनीचा फोन आला तेव्हा भागिरथी कांद्याच्या वाफ्यात उकिडवी बसलेली होती. डाव्या मुठीत पात, उजव्या हातात विळा आणि मोबाईल कान नि खांद्याच्या बेचक्यात. टोळीतल्या बाया पुढं सरकल्या होत्या आणि मुकादम बांधावरून तिच्याकडंच बघत होता. पण पोरीचा फोन म्हटल्यावर मुकादमच काय, मळ्याचा मालक समोर उभा राहिला असता तरी भागिरथीनं तो घेतलाच असता.

"आई, मार्क, दाखले, मुलाखत, सगळं झालं. आता फक्त घराची चौकशी राहिली. गुरुवारी साहेब येतील."

"आपलं घर बघायला?"

"आपलंच. परिस्थिती कशी आहे ते बघतात, फोटो काढतात. माझा पेपर आहे, मला येता येणार नाही. तू काही करू नकोस. जसं आहे तसं दाखव."

"बरं. तू ध्यान देऊन पेपर लिव्ह," भागिरथी म्हणाली आणि पुन्हा विळा चालवायला लागली.

अश्विनी पुण्याला शेतकीच्या कॉलेजात शिकत होती. हॉलंडच्या एका विद्यापीठात माती आणि पाण्याचं पुढचं शिक्षण घ्यायला तिला जागा मिळाली होती. जायचा, राहायचा, शिकायचा खर्च सरकार करणार होतं. मागासवर्गातल्या गरिबांच्या हुशार पोरांसाठी तशी शिष्यवृत्ती असते, पण जागा अगदी मोजक्या. ती मिळाली तर पोरगी विमानात बसणार, नाही मिळाली तर हॉलंडची जागा दुसऱ्या कुणाला जाणार. एवढं भागिरथीला पक्कं ठाऊक होतं.

जसं आहे तसं दाखव, म्हणे. दिवसभर हे वाक्य भागिरथीच्या डोक्यात फिरत राहिलं. पोरीला बोलायला काय जातंय? घरकुलाच्या वेळी साहेब आला होता तेव्हा अश्विनी शाळेत गेलेली होती. भागिरथी मात्र दारात उभी होती. तो साहेब अंगणातच थांबला. "इथंच बोलू," म्हणाला. बसायला घरात काही नव्हतं म्हणून तिच्या नवऱ्यानं, रंगनाथनं, पोतं झटकून अंथरलं, तर साहेबानं त्या पोत्याकडं असं बघितलं की रंगनाथनं ते आपणच उचलून घेतलं. भागिरथीनं तांब्या घासून, पुसून पाणी आणलं. साहेब म्हणाला, "नको, आत्ताच प्यालोय." उन्हानं त्याचे ओठ सुकलेले होते. ते पाणी तिनं कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं आणि घरकुल दुसऱ्याच कुणाला मिळालं. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं की साहेब उंबऱ्याच्या आत आला नाही म्हणून आपलं काम झालं नाही.

आणि आता तर पोरगी परदेशात जायची होती. ज्या घरात साहेबाला टेकायला जागा नाही, त्या घरची पोरगी सरकार गोऱ्या लोकांच्या देशात कशाला पाठवील?

वस्तीत एक रीत होती. कुणाच्याही पोरीला पाहुणे बघायला यायचे म्हटलं की सगळ्या घरांतलं चांगलंचुंगलं त्या एका घरात गोळा व्हायचं. कुणाच्या खुर्च्या, कुणाची चादर, कुणाचे कप. पाहुणे चहा पिऊन गेले की सामान ज्याच्या त्याच्या घरी परत. आणि काही झालं तरी कुठली वस्तू कुणाची हे बोलायचं नाही. पुढं सोयरीक होवो, मोडो, मांडलेल्या सामानाचं नाव कुणाच्या तोंडातून निघालं नव्हतं. मुसलमानांची घरं वस्तीला लागूनच होती आणि त्यांच्यातही हेच चालत होतं.

भागिरथी हमिदाकडं गेली. हमिदा तिच्याच टोळीत कांदा कापायची. दोघींचे वाफे शेजारी, दोघींच्या भाकरी एका फडक्यात. हमिदाच्या उझ्माचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. सासर भिंगारचं. तिला द्यायचं सगळं सामान येऊन पडलं होतं आणि खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफा, फ्रिज, लोखंडी कपाट, सगळं प्लास्टिकात गुंडाळलेलं.

"हितं पडून तर हाय," हमिदा म्हणाली. "घिऊन जा."

तिचा नवरा दिलावर टेम्पोवर कांद्याची भाडी मारायचा. तो जरा घुटमळला. "निकाहाच्या आदी सामान भायेर काडू नये म्हनतात."

"अश्विनी काय भायेरची हाय का? उझ्मा नि ती एका ताटात जेवल्यात," हमिदा म्हणाली. मग दिलावरनं निमूटपणे टेम्पोचा फाळका खाली केला.

गुरुवारी सकाळी भागिरथीच्या पत्र्याच्या दोन खणांत सामान शिरलं. त्याला जागा व्हावी म्हणून तिनं तिचं स्वतःचं घर अंगणात काढून ठेवलं. काळी पडलेली पातेली, चेपलेला हंडा, गोधड्या, फुटक्या काठाची परात, सगळं भिंतीच्या आडोशाला. सोफ्यावरचं प्लास्टिक तसंच होतं. हमिदानं ते स्वतःच्या हातानं टराटरा फाडलं. फ्रिजचं, कपाटाचंही फाडलं. "आसं ठिवलं तर साहेबाला वाटंल दुकानातनं आनलंय," ती म्हणाली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींखाली तो तांबडा सोफा असा शोभून दिसला की भागिरथीला क्षणभर वाटलं, हे असंच असायला हवं होतं.

तेवढ्यात वस्तीच्या तोंडाला पांढरी गाडी थांबली. कारभारी आला होता, रंगनाथचा थोरला चुलतभाऊ. सरकारी खात्यात इंजिनिअर, नगरला दुमजली बंगला. वस्तीतल्या त्याच्या जुन्या घरात वर्षानुवर्षं शेळ्या बसत होत्या. त्याच्या ओमनंही हीच शिष्यवृत्ती मागितली होती. अर्जावर पत्ता वस्तीचा आणि उत्पन्नाचा दाखला म्हाताऱ्या आईच्या नावाचा. त्याचीही चौकशी आजच होती. गाडी त्यानं मुद्दाम लांब लावली आणि चालत आला. मागोमाग त्याची बायको आली. कधी नव्हे ती सुती पातळ नेसलेली, गळ्यात नुसते काळे मणी.

"भागिरथी, ही भांडी बाहेर कशाला काढलीस?" जाऊबाई म्हणाली. "आजच्या दिवस मला देतेस का? आमच्या घरात काहीच नाही गं."

भागिरथी ओशाळली. "ही नगा बाई. हमिदाकडचे चांगले कप हायेत, ते देते."

"नको नको, हीच बरी. आणि गोधड्यापण दे."

बंगल्यातल्या बाईला चेपलेला हंडा कशाला लागतो हे भागिरथीच्या ध्यानात आलं नाही. तिनं आपल्या हातानं तो जाऊबाईच्या कडेवर दिला. कारभारी उघड्या दारातून आत बघत होता. सोफ्यावर, फ्रिजवर, कपाटावर त्याची नजर सावकाश फिरली. चौकशा कशा होतात, कागदावर काय उतरतं, त्याची सगळी हयात त्यातच गेली होती. त्यानं एक शब्द बोलायचा होता. "भागिरथी, हे काढ" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"झकास दिसतंय घर," तो म्हणाला.

"तुमचा आशीर्वाद, भावजी," भागिरथी म्हणाली आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

चौकशीचा साहेब मोटारसायकलवर आला. तरणा होता आणि बोलायला गोड. चपला काढून आत आला, तसबिरींना हात जोडले आणि सोफ्यावर बसला. भागिरथीनं पाणी दिलं तर गटागटा सगळं प्याला आणि आणखी मागितलं. पोहे खाल्ले, बशीतला शेवटचा शेंगदाणाही टिपून खाल्ला. दाराआड उभ्या भागिरथीचे डोळे भरून आले. आपल्या घरात साहेब जेवतो आहे, हे तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

मग त्यानं मोबाईल काढला. सोफ्याचा फोटो, फ्रिजचा फोटो, कपाटाचा फोटो. रंगनाथ कोपऱ्यात अवघडून उभा होता. विहिरी खोदायच्या क्रेनवर काम करून त्याची कंबर वाकलेली, ती तो आज ताठ करायला बघत होता. साहेब मध्येच थांबला. त्यानं वरच्या पत्र्याकडं बघितलं, पत्र्याला पडलेल्या भोकांकडं बघितलं, आणि परत सोफ्याकडं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हे सगळं तुमचंच आहे ना? नीट सांगा. मला तसं लिहावं लागेल."

तो तिला वाट करून देत होता. पण भागिरथीला ते तसं ऐकू आलं नाही. तिच्या कानात ते मळ्यातल्या मालकिणीच्या बोलण्यासारखं शिरलं. अश्विनीनं नवा ड्रेस घातला की "कुणी दिला गं?" म्हणून विचारणारी ती मालकीण. साहेब पाणी प्याला, त्यानं पोहे खाल्ले, तरी शेवटी हेच ना? अंगातून जाळ निघाल्यासारखं झालं तिला.

"का साहेब?" ती दाराआडून पुढं आली. "आमच्या घरात असू न्हाई का?"

साहेब कावराबावरा झाला. "तसं नाही, ताई."

"मंग? आमचंच हाय. कष्टाचं हाय."

रंगनाथनं खाकरल्यासारखं केलं. साहेबानं मान डोलावली, मोबाईल खिशात घातला आणि "चहा छान होता" म्हणून कारभारीच्या जुन्या घराकडं गेला. संध्याकाळी जाऊबाईनं भांडी परत आणून दिली. न घासता.

लग्न झालं, उझ्मा भिंगारला गेली. पावसाळा लागला. भागिरथी आणि हमिदा मालकाच्या कांदा साठवायच्या चाळीत सडका माल निवडायला जाऊ लागल्या. वरून पत्रा तापलेला, खाली कांद्याचं पाणी सुटलेलं. नासक्या कांद्यात बोटं रुतायची आणि कितीही धुतलं तरी रात्री भाकरीला तोच वास यायचा. एक दिवस हमिदा मान वर न करता म्हणाली, "उझ्मा आलीय. सासूनं लावून दिली."

"का गं?"

"सामान वापरलेलं दिलं म्हनती. नव्या फ्रिजवर पिलास्टिक कसं न्हाई, सोफ्यावर च्याचा डाग कसा पडला. आमाला फसवलं म्हनली. उझ्मानं सांगितलं, दुकानातनंच तसं आलं. तवा कुटं परत न्यायला तयार झाली." तिनं एक कुजका कांदा पाटीत टाकला. "जाऊ दे. हुईल बरं."

भागिरथीच्या हातातला कांदा हातातच राहिला. साहेबाच्या कपाचा डाग होता तो. तिनं ओल्या फडक्यानं पुसला होता आणि गेला असं समजली होती. हमिदानं तिला एका शब्दानं दोष दिला नाही, हेच तिला जास्त लागलं. दोन-चार दिवसांत उझ्मा परत नांदायला गेली, पण "पुन्यांदा काय निगालं तर न्हेनार न्हाई," असं सासूनं बजावून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात यादी लागली. यादीत ओमचं नाव होतं. अश्विनीचं नव्हतं.

अश्विनी पुण्याहून आली ती तडक बापाला घेऊन नगरच्या ऑफिसात गेली. परतली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"सोफा," ती म्हणाली. "फ्रिज. कपाट. घरची परिस्थिती सधन, असं लिहिलंय. आई, मी तुला सांगितलं होतं ना, जसं आहे तसं दाखव म्हणून?"

"साहेबाला बसायला—"

"तुला वाटलं, चांगलं घर बघून देतील? अगं, गरिबी बघायला आले होते ते." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "हरकत घ्यायला अजून दोन दिवस आहेत. साहेब चांगले आहेत. म्हणाले, तुमच्या आईनं येऊन सांगावं की ते सामान आमचं नव्हतं. ज्याचं होतं त्याला सोबत आणावं. सामान आता जिथं आहे तिथं जाऊन ते फोटो घेतील आणि वर पाठवतील. तू उद्या हमिदाखालाला घेऊन जा. मी येते सोबत."

"तू नगं येऊ. मी जाते," भागिरथी म्हणाली.

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सामान आता होतं भिंगारला, उझ्माच्या सासूच्या बैठकीत. हमिदाला सांगितलं असतं तर ती चपला न घालता निघाली असती. आणि उझ्मा? अश्विनीसाठी म्हणून त्या पोरीनं साहेबाला आपण होऊन दारात बोलावलं असतं. ह्या दोघींनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या नाही म्हणणार नव्हत्या, हीच पंचाईत होती.

सकाळी हमिदाच्या दारावरून जाताना भागिरथीनं पावलं उचलली आणि ती एकटीच एसटीत बसली.

ऑफिसात साहेबानं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"साहेब, मी खोटं बोलले," ती म्हणाली. वाटेनं हेच ती घोकत आली होती. "आमच्या घरात काय बी न्हाई. चूल हाय, चार भांडी हायेत, गोधड्या हायेत. बाकी सगळं मागून आनलेलं हुतं."

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. जे सांगायला लागू नये म्हणून तिनं सगळं घर मांडलं होतं, ते ती आता परक्या माणसांत उभं राहून सांगत होती. तिला वाटलं, एवढं सांगितलं की झालं. आता आणखी काय काढून घेणार?

"बरं केलंत, ताई," साहेब म्हणाला. "कोणाचं होतं? गाडी आहे, आत्ताच जाऊ आपण."

सरकारी गाडी भिंगारच्या त्या दारात थांबलेली भागिरथीला दिसली. सासू उंबऱ्यात, आणि साहेब सोफ्यावरच्या डागाचा फोटो काढतोय.

"मागून आनलं हुतं," ती परत म्हणाली.

"कोणाकडून?"

"वस्तीतनं."

"वस्तीतनं कोणाकडून? नाव सांगा. नावाशिवाय मी काही करू शकत नाही."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. "बाई, चोरीचं होतं का?"

"तुम्ही थांबा हो," साहेब त्याला म्हणाला, पण आता त्याचाही आवाज बदलला होता. "ताई, मी तेव्हाही तुम्हाला विचारलं होतं. तुमच्याच वस्तीतलं पलीकडचं घर बघितलं मी. काळी पातेली, चेपलेला हंडा, फाटक्या गोधड्या. गरज काय असते ते त्या घरात दिसलं मला."

"ती भांडी माजी हुती, साहेब."

कारकून आता मोकळेपणानं हसला. "सोफा यांचा नाही, आणि हंडा मात्र यांचा."

दोन-तीन माणसं हसली. साहेब हसला नाही. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि मग समोरचा कागद पुढं ओढला. "नाव आठवलं तर उद्या पाचपर्यंत या," तो म्हणाला. नाव भागिरथीच्या जिभेवर होतं. तिनं ते गिळलं आणि जिना उतरून खाली आली.

घरी अश्विनी दारातच होती.

"काय म्हणाले?"

"न्हाई झालं."

"का? खालानं सांगितलं नाही?"

"हमिदाला न्हेलंच न्हाई मी."

रंगनाथ खाटेवरून उठून बसला.

"का?" अश्विनीनं विचारलं. मग तिचं तिलाच उत्तर सापडलं. "लाज वाटली तुला. माझं सगळं आयुष्य टांगणीला लागलंय, आणि तुला खालाला सोबत नेऊन, मी खोटं बोलले म्हणून सांगायची लाज वाटली. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय साहेब काही करणार नाहीत, आणि अजून इज्जतच सुटत नाही तुझी."

सांगावं, असं भागिरथीच्या ओठांवर आलं. पण आपण सगळं कबूल केलंय, आता फक्त नाव राहिलंय, असं सांगितलं की ही उठून हमिदाकडं जाणार, नाही तर उझ्माला फोन लावणार. वयच तसं, आणि तिचंही चूक नव्हतं. उद्या पाचपर्यंतची मुदत अजून बाकी होती.

"व्हय," भागिरथी म्हणाली. "लाज वाटली."

अश्विनी आत गेली आणि बॅग भरू लागली. रंगनाथ बायकोकडं बघत होता. त्याला कळलं होतं की नाही कोण जाणे. पहाटेच्या एसटीनं पोरगी पुण्याला गेली. निघताना बापाच्या पाया पडली. भागिरथी भाकरीचं फडकं घेऊन चुलीपाशी उभी होती, ते फडकं तिच्या हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चाळीत हमिदा उशिरा आली. तिचं तोंड फुललेलं होतं.

"भागिरथे, पोर गुनाची हाय बघ तुजी," कांद्याच्या ढिगाशी बसत ती म्हणाली. "काल यवड्या पहाटं माज्या दारात थांबली. काय बोलली न्हाई. नुसती वाकून पाया पडली नि गेली. मला तर रडूच आलं. परदेशाचं झालं वाटतं तिचं?"

"म्होरल्या साली हुईल म्हनले."

"व्हईल, व्हईल. अल्ला करंल." हमिदानं पाटी पुढं ओढली. "शिकून बी रीत न्हाई सोडली तिनं. माज्या पाया पडली, म्हंजी तुज्या तर आदी पडली आसंल."

"पडली की," भागिरथी म्हणाली, आणि ढिगात हात घालून नासका कांदा शोधायला लागली.